अलोऱ्याची खोली

वसुधाताई आठल्ये यांच्या घरी जाताना दाराशी चपला काढल्या की आधी हात धुवावे लागत. पायरीच्या उजव्या अंगाला नळ होता, त्याच्यावर साबणाची वडी, शेजारी खुंटीला पंचा. हात धुवायचे, कोरडे करायचे, ताईंसमोर पालथे-उताणे करून दाखवायचे आणि मग आत. मे महिन्यात बोटांना आंब्याचा चीक असे, एरवी कुणाच्या हाताला मासळीचा वास, कुणाच्या तंबाखूचा. ताई वाकून हुंगत आणि नापास झालेल्याला परत नळावर पाठवत. सुरेश शिवलकर दोन ट्रॉलरचे मालक, बंदरावर त्यांच्या शब्दाला मान; पण रविवारी दुपारी तेही ताईंच्या दारात पंजे पुढे करून शाळकरी पोरासारखे उभे राहायचे. नळावर परत जावं लागलं तर रागवायचे नाहीत, हसायचे. आम्ही सगळेच हसायचो. त्या बाईंनी आपल्याला वळण लावावं असं आम्हाला मनापासून वाटायचं. आज सगळ्यात जास्त बोचतं ते हेच.

ताई कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. यजमान लवकर गेले. एकुलता एक मुलगा समीर जर्मनीत. मांडवीला, समुद्राच्या वाऱ्याच्या तोंडावर, त्यांचं बसकं कौलारू घर होतं आणि त्यात त्या एकट्या राहत. उंच, हडकुळ्या, सुती साडी गुडघ्यापर्यंत भिजली तरी फिकीर नाही. अंबाड्यात एक बोटभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर खोचलेला असे. त्यांच्या शेजारीणबाई एकदा म्हणाल्या होत्या, बायका तिथे अबोलीचा वळेसर माळतात. ताईंनी उत्तर दिलं, अबोली संध्याकाळी कोमेजते.

आमचा जो खटाटोप चाले तो स्पेक्ट्रम नावाच्या एका छोट्या संगणकासाठी. आता ज्यांनी तो पाहिलाच नाही त्यांना सांगायला हवं. पाटीएवढा काळा डबा, त्याच्यावर खोडरबरासारखी मऊ बटणं. पडदा म्हणजे घरचा टीव्ही. आणि प्रोग्रॅम साठवायचे ते साध्या गाण्याच्या कॅसेटवर. टेपरेकॉर्डर जोडून कॅसेट लावली की आधी किंचाळल्यासारखा आवाज येई, टीव्हीच्या कडेने रंगीत पट्टे धावत, आणि पाचेक मिनिटांनी नशीब असेल तर खेळ सुरू होई. नसेल तर पडद्यावर चूक झाल्याचा संदेश येई आणि कॅसेट पुन्हा पहिल्यापासून. परदेशातून कुणी आणलेला, कुणी मुंबईहून हौसेने घेतलेला, असा हा संगणक आमच्या तरुणपणी चारदोन घरांत होता. अठ्ठ्याण्णव साल उजाडलं तेव्हा गावात मोठे, पांढरे, पंख्यासारखे घोंगावणारे संगणक आले होते, मारुती मंदिराच्या चौकात क्लास निघाले होते आणि आमचे काळे डबे माळ्यावर गेले होते.

माझं औषधांचं दुकान आहे. त्या वर्षी ताई पहिल्यांदा दुकानात आल्या आणि सर्जिकल स्पिरिटची मोठी बाटली मागितली. कशाला हवी म्हणून सहज विचारलं तर म्हणाल्या, टेपरेकॉर्डरचं हेड पुसायला. बोलता बोलता मी सांगून बसलो की माझ्याकडेही एक स्पेक्ट्रम आहे, माळ्यावर टाकलेला. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मी वासरू उपाशी बांधून ठेवलंय असं सांगितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"माळ्यावर? या हवेत?" त्या म्हणाल्या. "रविवारी घेऊन या. आणि कापूस आणा, तुमच्याकडे चांगला असेल."

त्या दिवसापासून मी त्यांचा केमिस्ट झालो. नावाने त्यांनी मला कधी हाक मारली नाही. माझ्या दुकानाच्या फळ्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने खडूने लिहिलं की ज्यांच्याकडे स्पेक्ट्रम पडून आहे त्यांनी रविवारी मांडवीला यावं. आधी वकील करमरकर आले. त्यांना फक्त बुद्धिबळ खेळायचं होतं. मग दीपा सावंत आली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी, पंचविशीतली, बुजरी. आणि शेवटी शिवलकर. असे आम्ही पाच जण. अधूनमधून कोणी तरी डोकावून जाई, पण टिकलो आम्हीच.

कोकणातली हवा यंत्रांची वैरीण. पावसाळ्यात कपाटातले कपडे बुरसतात, तिथे बटणांखालच्या पातळ पट्ट्यांचं काय होणार. ताईंनी यजमानांचं लाकडी कपाट रिकामं करून त्यात स्वतःची आणि दुरुस्तीला आलेली यंत्रं ठेवली होती आणि खालच्या कप्प्यात साठ वॉटचा दिवा चोवीस तास जळत असे. औषधांच्या बाटल्यांत ओल शोषणाऱ्या पुड्या येतात, त्या मी साठवून नेत असे. ताई त्या तव्यावर भाजून परत वापरत. एकदा त्यांनी तव्यावरच्या पुड्या काढल्या आणि त्याच तव्यावर आमच्यासाठी आंबोळ्या टाकायला घेतल्या, तेव्हा करमरकर वकिलांनी हात जोडून तवा धुवायची विनंती केली होती.

या वकिलांची एक गोष्ट. एका रविवारी ते आले तेच छाती काढून. आदल्या दिवशी घरी त्यांनी यंत्राला बुद्धिबळात हरवलं होतं, वरच्या पातळीवर. आम्ही अभिनंदन केलं. ताईंनी पट मांडला आणि म्हणाल्या, खेळून दाखवा, चाली आठवत असतीलच. वकील खेळत गेले. मध्येच एके ठिकाणी ताईंनी हात उचलला. या जागी यंत्र असली चाल करत नाही, त्या म्हणाल्या. वकील आधी घाम पुसत राहिले आणि मग कबूल झाले की एक चाल त्यांनी मागे घेतली होती. एकच. ताई रागावल्या नाहीत, पण त्या संध्याकाळी त्यांनी जे सांगितलं ते आम्ही पुढे एकमेकांना कितीदा तरी ऐकवलं असेल: "यंत्रासमोर बसल्यावर खोटं बोलायची सोयच नसते. म्हणून तर इथे यायचं."

त्या खरंच तशा वागत. दीपाने चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरून या यंत्रासाठी देवनागरी अक्षरं काढली. आठ उभे, आठ आडवे, एवढ्या चौकोनांत 'क्ष' बसवताना तिने किती कागद फुकट घालवले ते तिलाच ठाऊक. पडद्यावर पहिल्यांदा 'रत्नागिरी' उमटलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. पुढे कॉलेजच्या प्रदर्शनात ते दाखवताना प्राचार्यांनी भाषणात सारं श्रेय ताईंना दिलं, तर ताई भर सभेत उठल्या आणि म्हणाल्या, अक्षरं माझी नाहीत, जी तिसऱ्या रांगेत बसली आहे तिची आहेत. दीपा, अगो, उभी राहा. दीपा उभी राहिली आणि रडायलाच लागली. त्या दिवशी ताईंनी सांगितलं असतं तर ती समुद्रात चालत गेली असती.

शिवलकरांचं यंत्र मात्र वेगळं होतं. ते मुळात त्यांच्या थोरल्या भावाचं. प्रकाश बोटीवर नोकरीला होता, त्याने इंग्लंडहून ते आणलं, सुट्टीत घरी असला की दिवसदिवस त्याच्यापुढे बसे. धाकट्या भावासाठी त्याने एक खेळ लिहिला होता. होडी हाकत बंदरात आणायची, वाटेतले खडक चुकवायचे. पुढच्याच फेरीत तो बोटीवर तापाने आजारी पडून गेला. शिवलकरांनी ते यंत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं ते तब्बल चौदा वर्षांनी ताईंच्या दारात सोडलं.

ताईंनी यंत्र उघडलं, साफ केलं, टेपरेकॉर्डरचं हेड पुसलं, अंबाड्यातला स्क्रू ड्रायव्हर काढून हेडचा कोन जुळवला. कॅसेट फिरायला लागली. आम्ही नेहमीच्या किंचाळीची वाट बघत होतो. त्याऐवजी माणसाचा आवाज आला. "सुरेश, हा होडीचा खेळ. आवाज सातावर ठेव. आणि घाई करू नको, भरतं आलं की होडी आपणहून आत येते." मग खाकरणं, आणि मग ती किंचाळी.

कॅसेटवर कुठला प्रोग्रॅम आहे ते कळावं म्हणून काही जण असं सुरुवातीला बोलून ठेवत. प्रकाशनेही ठेवलं होतं. शिवलकर खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. खेळ सुरू झाला, होडी दिसायला लागली, पण कोणी बटणाला हात लावला नाही. ताईंनी कॅसेट थांबवली, हळूच मागे नेली आणि म्हणाल्या, "पुन्हा ऐकायचंय?" त्या दिवशी त्यांनी तो आवाज बहुधा पाचसहा वेळा लावला असेल. दर वेळी स्वतः उठून, स्वतःच्या हाताने. त्यानंतर जेव्हा जेव्हा होडीचा खेळ लागे तेव्हा आवाज संपेपर्यंत आम्ही बोलायचो नाही. तो नियमही ताईंचाच होता.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मग ताईंनी अलोऱ्याची गोष्ट काढली.

त्या म्हणाल्या, हे कपाट आणि हा दिवा किती दिवस पुरणार. माझं वय झालं, या घराला वारा खातोय. चिपळूणजवळ अलोऱ्याला कोयना प्रकल्पाची वसाहत आहे, तिथल्या शाळेत माझा एक विद्यार्थी मुख्याध्यापक आहे. समुद्रापासून लांब, डोंगराच्या आडोशाला. खारा वारा नाही. तो एक खोली द्यायला तयार आहे. आपली सगळी यंत्रं तिथे एकत्र राहतील, मुलं शिकतील, आपण वर्षातून दोनदा जाऊ. बोलताना त्यांचे डोळे चमकत होते. वकिलांनी लगेच होकार दिला. दीपाने आपलं यंत्र तर दिलंच, पण अक्षरांचे कागदही दिले. मीही दिलं.

शिवलकर तयार होईनात. दोन-तीन रविवार तसेच गेले. मग ताई स्वतः त्यांच्या घरी गेल्या. एरवी त्या कुणाकडे जात नसत. शिवलकरांनी नंतर मला सांगितलं, त्या ओटीवर बसल्या, चहा घेतला, त्यांच्या आईच्या पायाला हात लावला आणि म्हणाल्या, प्रकाशला आता तुम्ही दोघंच ऐकता. तिथे दर वर्षी नवी मुलं ऐकतील, आणि मग होडी आत आणतील. शिवलकरांच्या आईने पदर डोळ्यांना लावला आणि मुलाला म्हणाली, दे रे. दुसऱ्या दिवशी ते यंत्र, कॅसेटच्या डब्यासकट, मांडवीला पोचलं.

यंत्रं गेल्यावरही आम्ही रविवारी जमत राहिलो. ताई अलोऱ्याच्या बातम्या सांगत. खोलीला हिरवे पडदे लावलेत. टीव्ही जुना आहे पण रंग चांगले येतात. मोरे आडनावाची एक मुलगी आहे, सातवीतली, वडील वसाहतीत पाणी सोडायच्या कामावर; तिने पहिल्याच महिन्यात स्वतःचा प्रोग्रॅम लिहिला. या मोरेवर आमचा सगळ्यांचा जीव बसला. वकील विचारायचे, आमची मोरे काय म्हणते. ताई सांगायच्या की तिला 'क्ष' फार आवडला, तो कुणी काढला असं ती विचारत होती. दीपाने तिच्यासाठी रंगीत पेन्सिलींची मोठी पेटी आणली, वर तिचं नाव लिहिलं आणि ताईंजवळ दिली. पुढच्या रविवारी ताईंनी सांगितलं की पोरगी पेटी उशाशी घेऊन झोपते म्हणे.

भेट मात्र काही ठरत नव्हती. कधी परीक्षा, कधी रंगकाम, कधी मुख्याध्यापकांच्या घरी लग्न. कुणाला काही वाटलं नाही. वाटावं असं त्या बाईंनी आयुष्यात काही केलंच नव्हतं.

दोन हजार पाचच्या डिसेंबरात शिवलकरांना कामासाठी चिपळूणला जायचं होतं. ते म्हणाले, जीप जातेच आहे तर पुढे अलोऱ्यापर्यंत जाऊन येऊ, ताईंना नंतर सांगून चकित करू. दीपाने रजा काढली, मी दुकान भावावर सोपवलं. वाटेत दीपाने मोरेसाठी खाऊ घेतला.

वसाहतीत शिरल्यावर रस्ता नीट होता, दुतर्फा झाडं होती, पण बऱ्याच घरांना कुलपं. प्रकल्पाचं काम उरकल्यावर माणसं बदलून गेलेली. शाळेत आम्हाला मुख्याध्यापकांनी बसवलं, पाणी दिलं. मी यंत्रांचं विचारलं. त्यांना काही उमजेना. मी आठल्ये बाईंचं नाव घेतलं. ते म्हणाले, नाव ऐकलं नाही, मी घाटावरचा, शिकलो साताऱ्याला. मग दीपाने त्या मुलीचं विचारलं. भल्या माणसाने शिपायाला बोलावून सातवीचाच काय, आठवीचाही पट बघायला लावला. मोरे नावाचा एक मुलगा निघाला. कोणाच्याही मनात संशय नको म्हणून ते स्वतः आम्हाला सगळ्या खोल्या दाखवत फिरले. एका खोलीत मोडके बाक रचलेले होते, एकीत तांदळाची पोती. पडदे कुठेच नव्हते.

परत येताना दीपा मागच्या सीटवर खाऊची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिने विचारलं, "ताईंना काही झालं असेल का हो? म्हणजे, विसरायला वगैरे लागल्या असतील?" तिला तसंच असावं असं वाटत होतं. मलाही. शिवलकर गाडी फार सावकाश चालवत होते.

आम्ही थेट मांडवीला गेलो. वकिलांनाही वाटेत बोलावून घेतलं. कोणाला नळावर हात धुवायचं सुचलं नाही आणि ताईंनीही ते पाहिलं. त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, आम्हा चौघांना एकदम बघून दारातच थांबल्या.

"ताई, आमी अलोऱ्याला गेल्तो," शिवलकर म्हणाले.

ताईंनी हात पदराला पुसले, खुर्ची ओढली आणि बसल्या. "मग कळलंच असेल," त्या म्हणाल्या.

"यंत्रं कुठं हायत?"

त्यांनी काही लपवलं नाही. यंत्रं जर्मनीला गेली होती. समीरच्या ओळखीचे एक गृहस्थ अशी जुनी यंत्रं जमवतात, त्यांच्याकडे तीन मजली जागा आहे, कोरडी हवा, दुरुस्तीला माणसं. समीर आला होता तेव्हाच सगळी बांधून गेली. हे सांगताना ताईंचा आवाज वर्गात शिकवावं इतका स्थिर होता. त्या म्हणाल्या, इथे दोन पावसाळ्यांत ती मेली असती, तिथे शंभर वर्षं राहतील. तुम्ही माझ्यावर रागवा, पण ती जगतील.

वकिलांनी विचारलं, हेच आम्हाला आधी का सांगितलं नाही.

"सांगितलं असतं तर दिली असतीत?" ताई शिवलकरांकडे बघत म्हणाल्या. "नाही ना? मग मी काय करायचं?"

दीपा इतका वेळ भिंतीला टेकून होती. तिने फक्त पेन्सिलींचं विचारलं. ताई उठल्या, त्या लाकडी कपाटाशी गेल्या. आतला दिवा विझलेला होता. वरच्या कप्प्यातून त्यांनी पेटी काढली आणि दीपाच्या हातात दिली. कागदाचं वेष्टनही काढलेलं नव्हतं. दीपाने स्वतःच्याच अक्षरातलं ते नाव वाचलं आणि आमच्या आधी घराबाहेर पडली. पुन्हा ती त्या घरात गेली नाही. पुढल्या जूनमध्ये तिने बदली मागून घेतली.

मला राग आला होता तो यंत्रांचा नव्हता. हिरवे पडदे, उशाशी पेटी, 'क्ष' कुणी काढला हा प्रश्न, हे सगळं दर रविवारी आमच्यासमोर बसून, आंबोळी वाढता वाढता, त्यांनी रचलं होतं. एक खोटं पुरलं असतं. त्यांनी आम्हाला एक अख्खी पोरगी दिली आणि आमच्याकडून तिच्यावर माया करवून घेतली.

शिवलकरांनी एकच गोष्ट मागितली. यंत्र राहू दे, कॅसेट द्या. ताई म्हणाल्या, समीरला सांगते.

वकील घरी जाताना म्हणाले, कायद्याने काही करता येणार नाही, आपण सगळं तोंडी दिलं. मग स्वतःच म्हणाले, आणि करणार तरी कुणावर.

कॅसेटऐवजी काही महिन्यांनी एक सीडी आली. ताईंनी ती माझ्या दुकानात आणून दिली, स्वतः बंदरावर गेल्या नाहीत. शिवलकर दुपारी दुकानात आले. माझ्याकडे तोवर बिलं काढायला मोठा संगणक आला होता, त्याच्यावर आम्ही सीडी लावली. क्षणात होडीचा खेळ पडद्यावर आला. समुद्र निळा, खडक पिवळे, सगळं जागच्या जागी. शिवलकर वाट बघत उभे राहिले. मग म्हणाले, आवाज वाढव. मी वाढवला. आणखी वाढव, म्हणाले. आवाज पुरता वर होता. त्यांनी मला खेळ बंद करून पुन्हा लावायला सांगितलं. मी लावला. तिसऱ्यांदा त्यांनी सांगितलं नाही. सीडी तिथेच ठेवून ते गेले.

संध्याकाळी दुकान बंद करून मी मांडवीला गेलो. रागाने गेलो होतो, पण कुठेतरी वाटत होतं की चूक झाली असेल, दुसरी सीडी असेल. ताईंनी ऐकून घेतलं. त्या गृहस्थांच्या माणसांनी कॅसेटवरून प्रोग्रॅम तेवढे उतरवून घेतले होते. बाकीचा आवाज यंत्राच्या उपयोगाचा नाही म्हणून घेतला नव्हता. आणि मूळ कॅसेटना बुरशी आली होती, त्या टाकून दिल्या.

"प्रत मात्र फार स्वच्छ निघाली आहे," ताई म्हणाल्या. "मूळ टेपही इतकी स्वच्छ नव्हती."

"त्यात प्रकाश नाही, ताई."

त्या म्हणाल्या, "तो प्रोग्रॅमचा भाग नव्हता, केमिस्ट."

हे वाक्य त्या निर्दयपणे म्हणाल्या नाहीत. मला समजावून सांगत होत्या. ज्या बाईंनी स्वतः उठून पाचसहा वेळा तो आवाज मागे नेऊन लावला होता, त्याच या. तेव्हा त्यांनी तो शिवलकरांसाठी लावला की कोन नीट जुळलाय का ते तपासायला, हे मला आजही ठरवता येत नाही. त्या आम्हाला जपतात असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांनी तसं कधी म्हटलं नव्हतं.

पुढे समीरचा एक वर्गमित्र दुकानात आला होता. त्याच्याकडून कळलं की ते जर्मन गृहस्थ समीरच्या नुसत्या ओळखीचे नव्हते, तो ज्या कंपनीत आहे तिचे मालक होते, आणि आता समीर त्यांच्या अगदी उजव्या हाताला बसतो. ताईंना हे ठाऊक होतं का, ठाऊक असून यंत्रांच्या जगण्याची गोष्ट त्या आम्हाला सांगत होत्या की स्वतःला, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, पण ते खरं धरायचं की नाही हे मला कळलं नसतं. एके काळी त्यांनी आजचा वार सांगितला तरी मी कॅलेंडर बघायचो नाही.

रविवार बंद झाले. वकील क्लबात जाऊन माणसांशी बुद्धिबळ खेळू लागले. ताई औषधं न्यायला यायच्या, मी द्यायचो, सुट्टे पैसे काउंटरवर ठेवायचो. हवापाण्याचं बोलणं व्हायचं.

मग शिवलकरांच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका वाटायला ते स्वतः फिरले, आणि मला नंतर कळलं की मांडवीलाही गेले होते. आत गेले नाहीत, दारातच पत्रिका दिली. का गेलात म्हणून मी विचारलं नाही. ते आपणहून म्हणाले, "आई बोलली, त्या बाईचा चहा झालाय आपल्या ओटीवर."

ताई आल्या. इस्त्रीची पांढरी साडी, केस आता पुरते पिकलेले, चालताना एका बाजूला झुकत. हॉलमध्ये मागच्या रांगेत एकट्या बसल्या. वकिलांनी लांबून नमस्कार केला आणि दुसरीकडे वळले. जेवणाच्या पंगतीत मी त्यांच्या समोरच्या ओळीत होतो. शिवलकर वाढत फिरत होते, यजमान म्हणून आग्रह करत होते. ताईंच्या पानापाशी आले तेव्हा त्यांच्या हातात जिलबीचं ताट होतं. त्यांनी एक जिलबी वाढली. ताईंनी मान वर करून बघितलं. त्यांनी दुसरी वाढली, मग आणखी एक. शिवलकर पुढच्या पानाकडे गेले.

ताईंना साखरेचा आजार होता. गोळ्या माझ्याच दुकानातून जायच्या, गेल्याच महिन्यात डॉक्टरांनी मात्रा वाढवली होती. शिवलकरांना ते ठाऊक नव्हतं. मी उठून काही बोलणार होतो, पण ताईंनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली आणि जिलबी मोडली. सावकाश, पान स्वच्छ करून, सगळ्या खाल्ल्या. शेवटचा तुकडा बोटांनी निपटून घेतला.

पंगत उठल्यावर मी त्यांना बाहेर रिक्षापर्यंत सोडायला गेलो. दाराशी चपलांचा ढीग होता, त्यातून त्यांच्या चपला शोधून दिल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टेकवून त्या घातल्या.

"तिथली यंत्रं चालू आहेत," त्या म्हणाल्या. "समीरने फोटो पाठवलेत. शिवलकरांना दाखवावेत म्हणून आणले होते." पर्सच्या बंदावर त्यांचा हात होता. "दाखवू का, तुम्हाला?"

मी म्हणालो, "नको, ताई."

त्यांनी मान डोलावली, हात बंदावरून काढला आणि रिक्षात बसल्या. रिक्षा उतारावरून बंदराच्या रस्त्याला लागली. मी आत गेलो. दुसरी पंगत बसत होती, वाढायला माणसं कमी होती. मी भाताचं पातेलं घेतलं.